घरातला पोलीस गेला, आता दवाखान्याचं काय? पुण्यातल्या पोलीस कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी मी कोण ते सांगते. माझे मिस्टर पोलीस हवालदार होते, रात्रीच्या नाकाबंदीत गाडीने उडवलं आणि चार दिवस आयसीयूत काढून गेले. तेव्हा आम्ही पोलीस लाईनीत राहायचो, मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत, सासूबाईंना शुगर आणि बीपी दोन्ही. लोकांनी पेन्शनचं विचारलं, नोकरीचं विचारलं, क्वार्टर कधी सोडणार तेही विचारलं, पण उद्या पोरगं आजारी पडलं तर दवाखान्याचं बिल कोण भरणार हे कोणीच काढलं नाही. पुढे मी अनुकंपावर, म्हणजे यांची वारस म्हणून, क्लार्क लागले आणि फाईल टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघितली. दर २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिनाला भेटणाऱ्या वहिनी, ताई, काकू त्याच त्याच गोष्टी विचारतात म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकलं.

हे गेल्यावर पोलिसांचं हेल्थ कार्ड तसंच चालू राहतं का?

तसंच चालू राहील असं धरून अजिबात बसू नका. महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजना असो की सरकारी वैद्यकीय प्रतिपूर्ती, म्हणजे भरलेलं बिल सरकारकडून परत मिळणं, दोन्हीचा धागा सेवेत असलेल्या माणसाशी बांधलेला असतो. त्याचा बक्कल नंबर म्हणजे पोलिसाचा ओळख क्रमांक, त्याचा पगार, त्याचं सर्व्हिस बुक. तुम्ही त्यात येता त्या 'कुटुंबातील सदस्य' म्हणून. माणूस मस्टरवरून कमी झाला की ज्या खुंटीला सगळं टांगलं होतं ती खुंटीच गेली, हे मला हॉस्पिटलच्या काउंटरवर कळलं, मुलाला डेंग्यू झाला होता आणि समोरची मुलगी कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाली मॅडम हे कार्ड दिसत नाहीये.

म्हणून पहिल्या महिन्यातच पोलीस कल्याण शाखेला लेखी अर्ज द्या, की आमच्या कुटुंबाचं कार्ड आज कोणत्या स्थितीत आहे आणि कधीपर्यंत चालेल ते लेखी कळवा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घ्या. तोंडी "हो हो वहिनी, चालू आहे" याला हॉस्पिटलात काडीची किंमत नाही, सांगणारा माणूस कितीही चांगला असला तरी.

आणि त्याच वेळी नवीन खुंटी शोधायला लागा. खुंट्या बऱ्याच आहेत, कुठली कोणाला लागू पडते ते खाली एकेक करून येतंच.

सरकारने लाखांची मदत जाहीर केली, मग हेल्थ इन्शुरन्स वेगळा कशाला?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सानुग्रह अनुदान म्हणजे सरकारने एकदाच दिलेली रक्कम. कोविडमध्ये ड्युटीवर गेलेल्या पोलिसांच्या कुटुंबांना राज्याने ५० लाख ठरवले होते ना, ते हेच. अपघात विमा म्हणजे माणूस अपघातात गेला म्हणून एकदाच मिळणारी रक्कम. गट विमा योजना १९८२ ची आहे, तिचे पैसे पगारातून कापलेले असतात, तेही एकदाच. यातलं एकही तुमच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनचं बिल भरत नाही. हेल्थ इन्शुरन्स म्हणजे उद्या तुम्ही किंवा पोरं आजारी पडलात तर हॉस्पिटलचा खर्च देणारी सोय.

बायका, खरं तर त्यांचे भाऊ आणि दीर, मिळालेली रक्कम फ्लॅटमध्ये नाहीतर एफडीत घालतात आणि पहिल्या मोठ्या आजारपणात एफडी मोडतात. माझ्या ओळखीतच तीन घरात हे झालंय.

एकरकमी पैशात लोक विसरतात ते अपघात विमे पण सांगून ठेवते. पगार ज्या खात्यात यायचा ते पोलीस सॅलरी पॅकेज असेल तर त्यात बहुतेक वेळा बँकेचाच अपघात विमा असतो, ब्रँचला जाऊन विचारा. पासबुक नीट बघा, वर्षातून एकदा २० रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, ४३६ दिसले तर जीवन ज्योती. दोन्हीत प्रत्येकी २ लाख. सुरक्षा विमा अपघाती मृत्यूलाच लागते, जीवन ज्योती कुठल्याही कारणाने गेले तरी. क्लेमला मुदती असतात म्हणून तेराव्याची वाट बघत बसू नका, घरातल्या कोणालातरी पासबुक देऊन बँकेत पाठवा.

आमचे 'शहीद' म्हणून नोंदले गेले नाहीत, ड्युटीवर हार्ट अटॅक आला. आम्हाला काहीच नाही का?

असं नाहीये. नोंद कशी झाली यावर सानुग्रह रक्कम, कुठल्या प्रकारची फॅमिली पेन्शन, अपघात विमा लागतो की नाही, हे ठरतं. त्यामुळे त्या नोंदीसाठी भांडायचं ते भांडाच. पण खालच्या बऱ्याच आरोग्य योजनांना नोंदीशी देणंघेणं नाही. महात्मा फुले योजना मृत्यू कसा झाला ते विचारत नाही, सत्तरीच्या वरच्यांचं कार्ड विचारत नाही, ईएसआय, म्हणजे कंपनीतल्या कामगारांचा सरकारी विमा, तोही विचारत नाही. म्हणून नोंदीची फाईल मंत्रालयापर्यंत जाऊन यायच्या आधीच दवाखान्याची सोय लावून घ्या, दोन्ही कामं एकाच दावणीला बांधू नका.

जाण्याआधी हॉस्पिटलात ठेवलं होतं, ते बिल आम्ही भरलं. परत मिळतं?

मिळतं, आणि हा तुमचा हक्क आहे कारण उपचार झाले तेव्हा ते सेवेत होते. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९६१ चे वैद्यकीय देखभाल नियम लागतात आणि खाजगी हॉस्पिटलातल्या उपचारांसाठी आजारांची ठरलेली यादी आहे, मुळात २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजारांची. ते पाच म्हणजे हृदयाची शस्त्रक्रिया, बायपास, अँजिओप्लास्टी, किडनी ट्रान्सप्लांट आणि रक्ताचा कॅन्सर. अपघात हा आकस्मिकमध्ये बसतो. क्लेम वारस म्हणून पत्नीने करायचा, ऑफिसमार्फत, आणि बिलं तपासायला जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जातात, पुण्यात म्हणजे औंधच्या जिल्हा रुग्णालयात.

ओरिजिनल बिलं देण्याआधी सगळ्याची झेरॉक्स. मेडिकलच्या दुकानाची चिठ्ठीसुद्धा. आणि आयसीयूचं बिल एकत्र न घेता तपशीलवार मागा, रोजचा बेड चार्ज वेगळा, डॉक्टर वेगळे, औषधं वेगळी. आमचं बिल एकाच ओळीत होतं, 'आयसीयू पॅकेज' एवढंच, ते तसंच परत आलं, मग मी चार वेळा हॉस्पिटलच्या बिलिंगला गेले. मागे पोलिसाची विधवा म्हणून कोणी खुर्ची दिली, कोणी नाही दिली, पण तपशील शेवटी मिळाला, पाचव्या महिन्यात.

महात्मा फुले जनआरोग्य योजना तर गरिबांची ना? आमचं रेशन कार्ड पांढरं आहे

हे जुनं झालं. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून ही योजना सुरू झाली तेव्हा ती पिवळ्या केशरीवाल्यांचीच होती आणि दीड लाखाची होती. २८ जुलै २०२३ च्या जीआरने ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली केली, पांढऱ्या कार्डवाल्यांनाही, आणि रक्कम केली कुटुंबाला वर्षाला ५ लाख. १ जुलै २०२४ पासून ती तशी चालू आहे. तेव्हा यादीत १३५६ उपचार होते. हप्ता शून्य.

म्हणजे पोलिसाच्या घराला, बाकीच्या खुंट्या लागोत न लागोत, ही एक खुंटी नक्की आहे. तरी लाईनीतल्या निम्म्या घरात कोणी हे कार्ड काढलेलं नसतं कारण आपलं डोक्यात बसलेलं असतं की आपण 'त्यातले' नाही. अहो आजाराला पांढरं केशरी कळत नाही.

पण मर्यादा पण समजून घ्या. यादीतला उपचार असेल आणि हॉस्पिटल योजनेत असेल तरच. साधा ताप, ओपीडी, रोजच्या शुगरच्या गोळ्या यात नाहीत. हॉस्पिटलात शिरल्यावर आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल शोधायचं, कॅश काउंटर नंतर. ससूनमध्ये तर आहेच, खाजगी हॉस्पिटलंही आहेत, यादी बदलत राहते म्हणून निघायच्या आधी १५५३८८ ला फोन करा, टोल फ्री आहे. इमर्जन्सी असेल तर आधी ॲडमिट करून कागद मागून देता येतात, हे आरोग्यमित्राला स्पष्ट बोलून दाखवा.

एक खाचखळगा म्हणजे रेशन कार्ड. कुटुंबप्रमुख म्हणून यांचंच नाव, धाकट्याचं नाव टाकायचंच राहिलेलं, आणि पत्ता तिसऱ्याच पोलीस ठाण्याच्या क्वार्टरचा कारण बदल्या. रेशनच्या परिमंडळ कार्यालयात जाऊन हे आधी सरळ करा. कंटाळवाणं काम आहे, मला तीन चकरा लागल्या.

माझे मिस्टर सीआरपीएफमध्ये होते, तळेगावला ग्रुप सेंटर. आमचं वेगळं असतं का?

हो, पूर्ण वेगळं, कारण सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी, एसएसबी हे सगळे केंद्राचे. सेवेत असताना आयुष्मान सीएपीएफ योजनेचं कार्ड असतं, त्याची सुरुवात २३ जानेवारी २०२१ ला आसाममधून झाली. पण तेही सेवेतल्या जवानाचं आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांचं.

ते गेल्यावर तुमची खुंटी म्हणजे फॅमिली पेन्शन. केंद्राची फॅमिली पेन्शन घेणाऱ्याला सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारची आरोग्य योजना, मिळते आणि पुण्यात सीजीएचएस आहे, दवाखाने पण आहेत. महिन्याची वर्गणी पगाराच्या लेव्हलवर असते. लेव्हल १ ते ५, म्हणजे कॉन्स्टेबलपासून एएसआयपर्यंत, महिन्याला २५० रुपये. लेव्हल ६ म्हणजे एसआय असतील तर ४५०. एकदम दहा वर्षांचे भरले तर कार्ड आयुष्यभराचं होतं, म्हणजे २५० वाल्यांना ३० हजार. माझं प्रामाणिक मत विचाराल तर मिळालेल्या पैशातून सगळ्यात आधी हे ३० हजार भरा. चाळीस वर्षाच्या बाईला पुढची चाळीस वर्षं दवाखाना, यापेक्षा स्वस्त बाजारात काही नाही. यात ओपीडी आणि रोजची औषधं पण येतात, महात्मा फुलेमध्ये जी नाहीत.

मुलाला २५ वर्षापर्यंत, पण त्याआधी कमवायला लागला किंवा लग्न झालं तर तिथपर्यंत. मुलीला वयाची अट नाही, लग्न होईपर्यंत किंवा कमवायला लागेपर्यंत. मुलगा कायमचा अपंग असेल तर वय बघत नाहीत, पण प्रमाणपत्र लागतं.

गावी राहता, सीजीएचएसच्या हद्दीबाहेर? मग ओपीडीच्या बदल्यात पेन्शनबरोबर महिन्याला १००० रुपये फिक्स मेडिकल अलाउन्स मागता येतो. तो आपोआप येत नाही, लिहून द्यावं लागतं.

सासू सासरे माझ्याजवळच राहतात, त्यांचं कसं?

वय ७० च्या पुढे असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड, २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं. उत्पन्न बघत नाहीत, रेशन कार्डाचा रंग बघत नाहीत, आधारवर ७० पूर्ण एवढंच. वर्षाला ५ लाख. घरातलं कोणी आधीच आयुष्मान भारतमध्ये असेल तरी म्हाताऱ्यांचे हे ५ लाख वेगळे, त्यात पोरांनी वाटा मागायचा नाही. स्वतःचा मेडिक्लेम किंवा ईएसआय असला तरी हे चालतं. सीजीएचएस किंवा माजी सैनिकांचं ईसीएचएस असेल तर मात्र दोन्हीतलं एक निवडायचं.

आधारवरची जन्मतारीख बघा आधी. आमच्या सासूबाईंच्या आधारवर १ जानेवारी आणि वर्ष अंदाजे टाकलेलं, खऱ्या वयापेक्षा चार वर्षांनी लहान! त्या म्हणतात बरंय की, तरुण दिसते. कार्ड मात्र अडकलं ते अडकलंच.

७० च्या आतले असतील तर महात्मा फुलेच.

ईसीएचएस पोलिसांना मिळतं का? शेजारी म्हणतात मिळतं

ईसीएचएस माजी सैनिकांचं, २००३ पासूनचं. पोलिसांना नाही. शेजाऱ्यांचं बरोबर असण्याची एकच शक्यता, मिस्टर आधी आर्मीत होते, तिथून पेन्शनवर आले आणि मग पोलिसात किंवा एसआरपीत, म्हणजे राज्य राखीव पोलिसात, लागले. आपल्या रामटेकडीच्या एसआरपीत असे आहेत. तर ती आर्मीची पेन्शन ही तुमची खुंटी, त्या बाजूची फॅमिली पेन्शन आणि ईसीएचएस कार्ड बघा, पोलीस ऑफिसात याची चौकशी करून उपयोग नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

अनुकंपावर मला किंवा मुलाला नोकरी लागली तर?

तर सगळं परत चालू. आता कर्मचारी तुम्ही, आणि तुमच्या कुटुंबाला वैद्यकीय प्रतिपूर्ती तुमच्या नावावर. पोलिसात लागलात तर पोलीस कुटुंब आरोग्य योजनाही तुमच्या नावावर. लोक अनुकंपा फक्त पगारासाठी बघतात, पण मी घेतली ती निम्मी यासाठीच, मुलाला दम्याचा त्रास आहे.

यातली एक गोष्ट बायकांना माहीत नसते. स्त्री कर्मचारी असेल तर नियमात आईवडील किंवा सासूसासरे यातलं एक निवडायचा पर्याय आहे, अर्थात ते पूर्ण अवलंबून असले पाहिजेत. मी सासूबाई निवडल्या. माहेरी थोडी धुसफूस झाली, असो.

मुलगा लागला तर आई त्याच्यावर अवलंबून म्हणून येऊ शकते, पण तुमची फॅमिली पेन्शन आहे, तेव्हा अवलंबित्वाच्या उत्पन्न मर्यादेत बसता का ते आस्थापनेवरच्या क्लार्ककडून आधी तपासा. आणि अनुकंपाच्या अर्जाला मुदत असते, मुलं लहान असतील तर सज्ञान झाल्यावर त्यांना मुदतीत अर्ज करता येतो. दुःखातून बाहेर आल्यावर बघू म्हणू नका, दुःखातून कोणी बाहेर येत नसतं, अर्ज मात्र बाद होतो.

मी एका कंपनीत लागले, पगार १६ हजार. तिथे काही?

ईएसआय कापतात का बघा. २१ हजारांपर्यंत पगार असेल आणि कंपनी त्यात येत असेल तर तुमच्या पगारातून पाऊण टक्का, मालकाकडून सव्वातीन टक्के. म्हणजे १६ हजारावर तुमचे १२० रुपये. त्यात तुम्ही, मुलं, अवलंबून असलेले आईवडील. बिबवेवाडीला ईएसआयचं हॉस्पिटल आहे. गर्दी असते, डॉक्टर बरे आहेत, डबा घेऊन जा.

यांनी स्वतःचा मेडिक्लेम काढला होता, ते गेल्यावर तो संपला का?

फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराची एकच पॉलिसी, असेल तर संपत नाही. यांचं नाव कमी होतं, तुम्ही प्रपोजर, म्हणजे पॉलिसी ज्याच्या नावावर तो माणूस, होता आणि बाकीच्यांचं कव्हर चालू राहतं, जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड, म्हणजे त्यांचा खर्च मिळायला लागायच्या आधीचा काळ, जेवढा भरून झालाय तेवढा भरूनच राहतो. कंपनीला मृत्यूचा दाखला देऊन लेखी कळवायचं.

पण आता नीट ऐका, आमचं काय झालं ते सांगते. मेडिक्लेमचा हप्ता यांच्या सॅलरी अकाउंटवरून ऑटो डेबिट होता. आम्ही शहाण्यासारखं बँकेला मृत्यूचा दाखला दिला, बँकेने खातं लगेच बंद केलं, बरोबरच आहे त्यांचं, आणि दोन महिन्यांनी हप्ता बाउन्स झाला. मेसेज यांच्या मोबाइलवर, मोबाइल कपाटात, बंद. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, ती पण गेली. सहा वर्षं चालवलेली पॉलिसी अशी गेली. नवीन काढली तर सासूबाईंच्या शुगरला पुन्हा पहिल्यापासून वेटिंग.

म्हणून खातं बंद करायला देण्याआधी शेवटच्या वर्षभराचं स्टेटमेंट काढा आणि कोणकोणते हप्ते कापले जातायत त्याची यादी करा. आणि त्यांचं सिम किमान वर्षभर रिचार्ज करून चालू ठेवा. लोकांना विचित्र वाटतं, वाटू दे.

नवीन हेल्थ इन्शुरन्स विकत घ्यायचा का?

सीजीएचएस असेल तर घाई नाही. राज्य पोलिसातले असाल आणि अनुकंपा अजून लागली नसेल तर घ्या, झेपेल तेवढा. महात्मा फुले यादीतल्या ऑपरेशनला चांगली, पण न्यूमोनियाने चार दिवस जवळच्या हॉस्पिटलात राहावं लागलं तर तिथे आरोग्यमित्र असेलच असं नाही. काय बघायचं ते थोडक्यात. आरोग्य संजीवनी नावाची ठरावीक अटींची पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडे एकाच नावाने असते, २०२० पासून, तिथून तुलना सुरू करा. आधीच्या आजाराचं वेटिंग आता जास्तीत जास्त ३ वर्षं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवर जीएसटी शून्य. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसात पटली नाही तर परत करता येते.

आणि आजार लपवू नका. एजंट म्हणेल ताई शुगर लिहू नका हप्ता वाढतो. तो क्लेमच्या वेळी फोन उचलणार नाही. पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की फसवणूक सोडून कंपनीला माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही, पण ती पाच वर्षं मध्ये आहेत ना.

क्लेम नाकारला. कुठे जायचं?

आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी. महिनाभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर विमा लोकपाल. आणि पुणेकरांचं नशीब म्हणजे लोकपालांचं ऑफिस आपल्याच नारायण पेठेत आहे, न. चिं. केळकर रोडवर, जीवन दर्शन बिल्डिंग. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद घेतात. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायचं. गाडी लावायला जागा मिळणार नाही, बसने जा.

हे फक्त विमा कंपनीच्या पॉलिसीसाठी हं. सरकारी प्रतिपूर्ती नाकारली तर लोकपाल काही करू शकत नाहीत, तिथे ऑफिसमार्फत अपील.

कुठल्याच योजनेत बसत नाही, बिल मोठं आलंय, हॉस्पिटल ट्रस्टचं आहे

धर्मादाय हॉस्पिटलांना कायद्याने, कलम ४१ कक, १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल. फॅमिली पेन्शन धरून आपण बऱ्याचदा पहिल्यात बसत नाही, दुसऱ्यात काही जणी बसतात, विशेषतः अजून पेन्शन मंजूरच झाली नसेल तर. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला हवा. हॉस्पिटलच्या समाजसेवकाला भेटा, नाही म्हणाले तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज. इमर्जन्सीत डिपॉझिटसाठी दारात थांबवता येत नाही.

रात्री झोप लागत नाही, मुलगा बोलतच नाही. हे विम्यात येतं का?

येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो. पण साध्या पॉलिसीत ॲडमिट झाल्यावरचा खर्च असतो, समुपदेशनाची दर आठवड्याची फी नसते. त्यासाठी टेलिमानस ही सरकारी हेल्पलाईन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. माझी मुलगी आठवीत असताना मी कपडे वाळत घालता घालता तो नंबर लावला होता, गच्चीवरून, कोणी ऐकू नये म्हणून. तिला नाही, मला बोलायचं होतं.

अमेरिकेत म्हणे पोलीस गेला की कुटुंबाचा विमा सरकार भरतं?

भाचा शिकागोला आहे त्यानेही हेच विचारलं. तिथे केंद्राकडून १९७६ च्या कायद्याने एकरकमी पैसे मिळतात, हेल्थ इन्शुरन्स राज्याराज्यावर आहे. इलिनॉयमध्ये असा कायदा आहे की ड्युटीवर ठरावीक प्रसंगात, म्हणजे पाठलाग, इमर्जन्सी, गुन्ह्याचा तपास वगैरे, पोलीस गेला तर ज्या शहराच्या नोकरीत होता त्या शहराने पत्नी आणि मुलांच्या हेल्थ इन्शुरन्सचा पूर्ण हप्ता भरायचा. म्हणजे नोकरीची खुंटी माणूस गेल्यावरही ठेवायची. आपल्याकडे संघटना, कल्याण निधी एवढं गोळा करतात, त्यांनी निदान सीजीएचएससारखं राज्याच्या फॅमिली पेन्शनवाल्यांना काहीतरी मागावं असं मला फार वाटतं. पुतळ्याला हार घालून झाला की त्याच मंडपात मागावं.

कागद कुठले आणि किती?

मृत्यूचा दाखला १५ प्रती, हसू नका, १५ लागतात. मृत्यूची नोंद जिथे घडला तिथे होते, म्हणजे गडचिरोलीत गेले असतील तर दाखला तिकडचा, पुणे महानगरपालिकेत शोधू नका. एफआयआर, पंचनामा, पोस्टमॉर्टेम, वारस दाखला, पेन्शनचा आदेश (पीपीओ), सगळ्यांची आधार कार्डं, रेशन कार्ड. सगळ्या कागदांवर तुमचं नाव एकसारखं आहे का बघा, माहेरचं नाव, सासरचं नाव, 'बाई' लावलेलं न लावलेलं, यावरून जेवढ्या फाईली अडकतात तेवढ्या कशावरून अडकत नाहीत.

आमचे हे सुखरूप आहेत, ड्युटीवर आहेत. आत्ताच काही करून ठेवता येईल का?

हा प्रश्न विचारताना बायका आवाज खाली करतात, जणू विचारलं तर काही होईल. काही होत नाही, विचारा. सर्व्हिस बुकात कुटुंबाची आणि नॉमिनीची नोंद बघायला सांगा, लग्नाआधी आईचं नाव टाकलं ते तसंच राहतं. मेडिक्लेमचा हप्ता तुमच्या स्वतःच्या खात्यावरून जाऊ दे. रेशन कार्ड आणि महात्मा फुलेचं कार्ड आत्ता काढा, त्यासाठी घरातलं कोणी मरावं लागत नाही. पॉलिसी नंबर, पासबुक, मोबाइलचा पिन एका वहीत. आमच्याकडे ती वही यांनीच केली होती, बंदोबस्ताच्या डायरीतली उरलेली पानं, फक्त मला सांगायचं राहिलं आणि ती मला क्वार्टर रिकामं करताना माळ्यावर गणपतीच्या मखराखाली सापडली.